निवृत्त निरीक्षक लिहितात

सोमवार, ३ मार्च

नव्या संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कालच्या शब्दकोड्यातली चूक. बावीस वर्षांत मला तिथे बोलावलं गेलं ते चुकांसाठीच. आत गेले तर चक्क खुर्ची दाखवली. म्हणाले, "शनिवारचं सहावं पान, डावीकडचा स्तंभ. आपले जुने सदरलेखक थकले आता. आठ आठवडे तुम्ही लिहून बघा. वर नाव, फोटो, सगळं."

"मी का?"

"तुम्ही बावीस वर्षं वाचकांची पत्रं सांभाळताय. लोकांना काय वाटतं ते तुमच्याइतकं इथे कुणाला माहीत असणार?"

'सांभाळताय' हा शब्द टोचला. का टोचला ते इथे लिहून ठेवते, म्हणजे एका ठिकाणी तरी खरं लिहिलेलं राहील. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी पाच-पाच पत्रं छापतात. खरी पत्रं आठवड्याला येतात चार, त्यातली दोन शब्दकोड्याबद्दल. बाकीची मी लिहिते. ही रीत जुन्या संपादकांची. पत्रांचा रकाना रिकामा दिसला तर लोकांना वाटेल पेपर कुणी वाचतच नाही, असं ते म्हणायचे. माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे, तीत माझ्या सगळ्या पत्रलेखकांची माहिती आहे. 'दोन मुलांची आई' हिला एकदा माझ्या हातून तिसरं मूल झालं, तेव्हापासून वही ठेवते. 'रोजचा प्रवासी' आहे, 'वरच्या मजल्यावरचा शेजारी' आहे, आणि सगळ्यात जुना 'निवृत्त वजनमापे निरीक्षक'. हा जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासत फिरला, आता घरी बसून जगाचे तपासतो. त्याच्या पत्रांना नेहमी उत्तरं येतात. खरी.

निघताना संपादक म्हणाले, "मत हवं. ठाम. तुमचा स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. आणि रचलेलं काहीही नको. माझ्या आधीच्या पेपरात एकाने अपघाताचा साक्षीदार रचला होता, त्याच दिवशी घरी पाठवलं त्याला."

मी मान डोलावली. मान फार छान डोलते माझी.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते चौऱ्याऐंशीचे. चाळीस वर्षं कपडे शिवले, आता डोळे गेलेत. रोज सकाळी चहाबरोबर मी त्यांना पेपर वाचून दाखवते, पहिल्या ओळीपासून हवामानापर्यंत. बातमी ऐकून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "फोटो कुठला देणार?"

"निळ्या कोटातला."

"तो नको. त्याची कॉलर नीट बसलेली नाही. मीच शिवलाय."

गुरुवार, ६ मार्च

पहिला लेख दिला. चार दिवस त्यात गेले, त्यातले दोन सदराचं नाव शोधण्यात. शेवटी 'मला वाटतं' ठेवलं. विषय: नगरपालिकेने बसथांब्यांवरची बाकडी काढून टाकली. कुणी तिथे झोपू नये म्हणून. मला त्याचा संताप येतो. म्हातारी माणसं अर्धा-अर्धा तास खांबाला धरून उभी असतात आणि ज्याने हुकूम काढला तो मोटारीतून फिरतो. असला हुकूम काढणाऱ्याला महिनाभर त्याच थांब्यावर उभं करायला हवं. पण हे असं लिहिता येत नाही. वर आपलं नाव असतं. नगरपालिकेचीही काही अडचण असेल. मग मी दोन्ही बाजू मांडल्या. समतोल झालाय.

सकाळी बाबांना कच्चा मसुदा वाचून दाखवला होता. म्हणाले, "गिऱ्हाईक कोण ते ठरवलं नाहीस आणि कात्री चालवलीस."

वृत्तपत्र आणि शिवणकाम यांत फरक असतो, असं मी त्यांना सांगितलं.

शनिवार, ८ मार्च

नाव आलं. माझं. पूर्ण. मी ऑफिसात जाताना तीन दुकानांवरून पेपर घेतला, जणू एका दुकानातल्या पेपरात नाव नसलं तर!

सकाळी बाबांना वाचून दाखवताना आधी नाव वाचलं. म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग लेख वाचला. मधेच म्हणाले, "पण बाकडी गेली कशी? आपल्या पायांनी चालत गेली का? कुणी तरी उचलली असतील ना?" मी पुढे वाचत राहिले. संपल्यावर म्हणाले, "नाव छान आलंय."

फूटपट्टीने कौतुक केलं. फूटपट्टी म्हणजे आमचे पान लावणारे गृहस्थ. कॉम्प्युटर येऊन युगं झाली, तरी खिशात स्टीलची पट्टी असते. वहीबद्दल ऑफिसात फक्त त्यांना माहीत आहे. म्हणाले, "ताई, स्तंभ एकदम सरळ बसला. एक ओळ वर नाही की खाली नाही."

लेख कसा वाटला ते विचारलं नाही. कशाला विचारायचं?

गुरुवार, १३ मार्च

लेखाबद्दल एकही पत्र नाही. एक आलं ते माझ्या नावाने, धावत जाऊन फोडलं. शब्दकोड्याबद्दल होतं.

संपादक जाता जाता म्हणाले, "काही हालचाल?" मी म्हटलं, "येतील." उद्याच्या पानाला तीन पत्रं कमी होती. वही काढली. आधी 'दोन मुलांची आई' कडून लिहिलं की लेख फार आवडला, डोळे उघडले. वाचलं आणि कान तापले. फाडून टाकलं. मग निरीक्षकाला बसवलं. तो सरळ अंगावरच आला. बारा मिनिटं लागली:

'महोदय, बसथांब्यांवरच्या बाकड्यांबद्दल आपल्या लेखिकेने सहाशे शब्द लिहिले. त्यांत "एका बाजूने" चार वेळा आणि "दुसऱ्या बाजूने" पाच वेळा आहे. असा दोन्हीकडे झुलणारा काटा सापडला तर आम्ही दुकानदाराला नोटीस देत असू. बाकडी आपल्या पायांनी चालत गेली काय? कुणी उचलली, कुणी सही केली, तेवढं सांगा. माझ्या वयाच्या माणसाला बसायला जागा हवी आहे, दोन बाजू नकोत.'

स्वतःवरच हसू आलं. हे मला लेखात का सुचलं नाही, कोण जाणे. निरीक्षक सुचवतो म्हणावं तर तोही मीच.

मंगळवार, १८ मार्च

सतरा पत्रं! खरी, हाताने लिहिलेली, ईमेलने आलेली, एक तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर. सगळी निरीक्षकाच्या बाजूने. नगरपालिकेच्या एका अभियंत्याने खुलासा पाठवला. संपादकांनी केबिनचं दार उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोण हा माणूस?"

माझा दुसरा लेख (शाळांमधलं हस्ताक्षर) शनिवारी येऊन गेला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

त्या शुक्रवारी बाबांना निरीक्षकाचं पत्र वाचून दाखवलं होतं तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले. पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाले, "हा माणूस माझ्यासारखाच बोलतो."

"बाबा, तुम्हाला सगळेच शहाणे तुमच्यासारखे वाटतात."

"वाच परत," म्हणाले.

माझी खिल्ली उडवलेली त्यांना एवढी आवडावी, याचं थोडं वाईट वाटलं. थोडं कशाला, बरंच.

सोमवार, २४ मार्च

तिसरा लेखही पाण्यात गेला. संपादक म्हणाले, "जरा जोर येऊ द्या." जोर म्हणजे काय, मी काय गोणी उचलते आहे?

सकाळी बाबा बोलायच्या लहरीत होते. मी भाजी निवडत होते, ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. "लहानपणी तू शाळेतून दुकानात यायचीस. घरी तोंडाचा पट्टा बंद नाही, पण गिऱ्हाईक आलं की कपाटामागे जाऊन उभी राहायचीस. खालून नुसत्या चपला दिसायच्या. मला वाटायचं, हिला हाक मारून बाहेर काढावं. पण हातात कात्री असायची. नाही काढलं."

त्यांना जुनं सगळं आठवतं, सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

निरीक्षकाचं दुसरं पत्र आज छापलं. शनिवारच्या माझ्या लेखावर, दवाखान्यातल्या टोकन यंत्राबद्दलच्या. शेवट असा झालाय:

'लेखिका हुशार आहेत, घरात त्या उत्तम बोलत असणार याची मला खात्री आहे. पण गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्या कपाटामागे जाऊन उभ्या राहतात. आम्हा वाचकांना नुसत्या चपला दिसतात.'

कपाटाची कल्पना अचानक सुचली. चपला तर त्याहून अचानक. बाईंना चांगलं धुतलं म्हणून सगळं ऑफिस खूश. बाई म्हणजे मी. अशी वाक्यं माझ्या फोटोखाली का येत नाहीत? खुर्ची तीच, हात तोच. 'मला वाटतं' असं टाईप केलं की मला काहीच वाटेनासं होतं.

बाबांना वाचून दाखवलं. हसतील म्हणून थांबले. हसले नाहीत. चहाचा कप हातात तसाच. मग म्हणाले, "त्या कपाटाला आरसा होता. ते लिहिलं नाही त्याने."

कुठलं कपाट आणि कुठला आरसा! त्यांचं मन आजकाल भरकटतं. डॉक्टरांना विचारायला हवं.

गुरुवार, १० एप्रिल

संपादकांनी बोलावलं. खुर्ची दाखवली. यावेळी मी बसले नाही.

"पाच लेख झाले. तुमचं लिखाण सभ्य आहे. कुणालाही खटकत नाही. अडचण तीच आहे." मग आवाज खाली आणून, "वाईट वाटून घेऊ नका. या शनिवारचा छापू आणि थांबू. त्यानंतर ती जागा मी त्या निरीक्षकांना देणार. हाच तो आवाज, जो मला हवा होता. त्यांना शोधून काढा. पत्ता असेल ना तुमच्याकडे?"

आवाज शोधायला मला आठ आठवडे दिले होते. सापडला. दुसऱ्याचा.

"भेटायला बोलवा त्यांना."

तोंडाला येईल ते बोलत सुटले. "ते कुठे जात नाहीत. वय झालंय. डोळे गेलेत. ते बोलतात आणि मुलगी लिहून घेते."

"अरे वा! मग मुलीशी बोला."

बरं म्हटलं. खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागत नाही, खरं बोलताना मात्र चार दिवस लागतात.

शुक्रवार, ११ एप्रिल

सगळं कबूल करावं असं ठरवून ऑफिसला गेले. जिन्यातच फूटपट्टी भेटले. त्यांना सांगितलं. पट्टी खिशातून काढून हातावर आपटत राहिले.

"कबूल केलंत तर दोघंही जाल, ताई. निरीक्षक पण आणि तुम्ही पण. आणि बावीस वर्षांची सगळी पत्रं हा माणूस उकरून काढेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर निदान निरीक्षक राहील. लिहिणार तुम्हीच ना?"

"नाव नसेल."

त्यांनी पट्टी परत खिशात ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "एक विचारू? कँटीनमध्ये बोलता तसं का लिहीत नाही तुम्ही? परवा त्या बाकड्यांच्या साहेबाची काय हजामत केलीत! आचारी हातातली कामं टाकून ऐकत होता."

"कँटीनमध्ये फोटो नसतो," मी म्हटलं.

संपादकांकडे जाऊन सांगून आले, निरीक्षक तयार आहेत, पण नाव छापायचं नाही अशी अट आहे. त्यांना तर आनंदच झाला. सदराचं नावसुद्धा त्यांनीच ठेवलं, 'काटा'. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही फार मोठ्या मनाने घेतलंत."

शनिवार, १९ एप्रिल

'काटा'चा पहिला लेख आला. फोटोच्या जागी तराजूचं चित्र. दाखल्यासाठी खेटे घालायला लावणाऱ्या कचेऱ्यांवर आहे. झक्क झालाय, मीच म्हणते. बुधवारी-गुरुवारी लिहीत होते तेव्हा बाबा खिडकीपाशी बसून एकसारखे बोलत होते. त्यांना कसं एका शिक्क्यासाठी सात वेळा परत पाठवलं, सातव्या वेळी यांनी साहेबाची पँट किती घट्ट झालीय ते त्याला कसं सांगितलं, वगैरे. शेवटी मी चिडले. "बाबा, जरा गप्प बसा, काम करू द्या." लगेच गप्प झाले.

आज सकाळी वाचून दाखवलं. साहेबाच्या पँटशी आले तेव्हा ते हसले, पण नुसतं नाकातून. संपलं तसं म्हणाले, "हे त्याचं झालं. आता तुझं वाच."

गेल्या शनिवारी वाचताना हा आपला शेवटचा लेख असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आज सांगावं लागलं. "माझं बंद झालं, बाबा. ती जागा त्यांना दिली."

"कुणाला?"

"निरीक्षकांना. त्यांचं लोकांना आवडतं."

कप खाली ठेवायला गेले तर टेबलाची कड चुकली, चहा मांडीवर. मी पुसत होते तर माझं मनगट धरलं. "तुझं नाव माझ्यामुळे गेलं का?"

"तुमचा काय संबंध? तो वेगळाच माणूस आहे."

"हो का," म्हणाले. बराच वेळ मनगट सोडलं नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

बाबा बोलत नाहीत. ताप नाही, दुखणं नाही. हो-नाही म्हणतात, पाणी मागतात. पण पेपर वाचताना एक अक्षर नाही. आज मुद्दाम ते चिडतील अशी बातमी निवडली, त्यांच्या जुन्या दुकानाच्या जागी वाहनतळ होणार आहे. नुसतं "हं" म्हणाले.

दुपारी त्यांच्याजवळ थांबायला येतात त्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, "माझ्याशी बोलतात की, ताई. तुम्ही यायची वेळ झाली की गप्प होतात. मी म्हटलं, का हो बाबा? तर म्हणाले, माझं बोलणं पोरीला नडतं."

म्हणजे गुरुवारी मी ओरडले ते मनाला लावून घेतलंय. म्हातारपणी माणसं मुलांसारखी रुसतात. येताना त्यांच्या आवडीची बिस्किटं आणली. घेतली. बोलले नाहीत.

शनिवार, २६ एप्रिल

'काटा'चा दुसरा लेख. विषय वाहनतळाचा. तीन दिवस बसले. निरीक्षकाने तोंडच उघडलं नाही. पाच वाक्यं झाली की आपोआप 'एका बाजूने' येतं. ते खोडलं तर खाली काही उरत नाही.

संपादक म्हणाले, "या वेळी मजा नाही आली. तब्येत बरी नाही का त्यांची?"

"बोलत नाहीत फारसं," मी म्हटलं.

बाबांचं गप्प बसणं आणि माझं हे न सुचणं, दोन्ही एकाच आठवड्यात यावं हे माझं नशीब. घरी शांतता आहे, कुणी मधे बोलत नाही, लिहायला याहून चांगली वेळ कुठली? तरी हा असा दुष्काळ.

मंगळवार, २९ एप्रिल

काहीच नाही. आठ वेळा सुरुवात केली.

सकाळी बाबांच्या पायाशी बसून चक्क विनवणी केली. "बाबा, काही तरी बोला ना. काहीही. शिव्या द्या." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले. वाटलं आता बोलतील. मग विचारलं, "तुझं नाव परत येणार का?"

"नाही हो बाबा, तो विषय संपला."

हात काढून घेतला.

गुरुवार, १ मे

निरीक्षकाला मारलं.

दुसरा मार्ग दिसत नव्हता. लेख आज द्यायचा, हातात एक ओळ नाही, संपादक त्यांच्या घरी जाऊन भेटतो म्हणायला लागले होते. तेव्हा लेखाच्या जागी निरीक्षकांच्या मुलीचं पत्र दिलं. वीस मिनिटांत झालं, एकही शब्द खोडावा लागला नाही. निव्वळ कल्पना, पण उतरली भराभर.

संपादकांनी उभ्या-उभ्या वाचलं आणि मग बसले. चष्मा काढला. "फार वाईट झालं. कधी गेले?"

"काल. सकाळी."

"कुणाला पाठवू का घरी?"

"नको म्हणते ती."

त्यांनी परत वाचलं. "या मुलीला लिहिता येतं हो. बापापेक्षा चांगलं. तुम्ही नीट वाचा हे, शिकण्यासारखं आहे. तिला विचारा, ती जागा चालवेल का. हवं तर आठ आठवडे बघू. नाव मात्र तिने स्वतःचं द्यायला हवं, आता लपायचं कारण नाही."

भिंतीला टेकून उभी राहिले. सांगून टाकावं, ही मी, असं जिभेवर आलं होतं. मग साक्षीदार रचणारा तो बिचारा आठवला, खणातली वही आठवली, बाबांच्या महिन्याच्या गोळ्या आठवल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊन सांगितलं, "विचारलं तिला. नाही म्हणाली."

"का?"

"तिला स्वतःचं असं काही वाटत नाही म्हणे."

"कमाल आहे," संपादक म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून त्या जागेवर गादीवाल्यांची जाहिरात येणार आहे. फूटपट्टीने मोजून घेतली जागा.

शनिवार, ३ मे

सकाळी बाबांना उशीला टेकवून बसवलं, चहा दिला आणि पेपर उघडला. सहाव्या पानाशी आले तेव्हा मनात आलं, हे वगळावं. पण ते पानं मोजतात, मधलं एक सुटलं की त्यांना लगेच कळतं. वाचलं:

'संपादक महोदय, "काटा" लिहिणारे माझे वडील बुधवारी वारले. त्यांना दिसत नव्हतं, पण चूक दिसायची. रोज सकाळी चहा निवेपर्यंत ते बोलत आणि मी उतरवून घेत असे. त्यांना वाटायचं मी पेपर वाचून दाखवते म्हणजे त्यांच्यावर उपकार करते. खरं म्हणजे त्यांचं ऐकल्याशिवाय मला कधी काही वाटलंच नाही. गेले काही दिवस ते बोलत नव्हते. का, ते मी विचारलं नाही, मला लेख पूर्ण करायचा होता. आता हा तराजू उचलून ठेवावा. तो माझ्याने पेलत नाही. त्यांची मुलगी.'

वाचताना दोन ठिकाणी ओळ चुकली. छपाई पुसट असेल.

बाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा पेपरातलं काही विचारलं. "गेला तो?"

"गेला."

"कशाने?"

"म्हातारपणाने, बाबा."

"हं." बोटांनी चादरीची कड चाचपत राहिले, टाके मोजल्यासारखी. "आणि जागा? ती तुला देणार आता?"

"नाही. जाहिरात येणार आहे."

"गप्प राहून पण नाही मिळाली," असं काहीसं पुटपुटले. मी म्हटलं, "काय म्हणालात?" तर मान हलवली.

मग विचारलं, "मुलीचं नाव नाही घातलं खाली?"

"नाही."

"चांगलं लिहिलंय पोरीने. नाव घालायला हवं होतं."

एवढं बोलून ते कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड करून. ऊन चेहऱ्यावर येत असेल, म्हणून मी पडदा ओढला आणि हवामान वाचायला घेतलं. तेव्हा पाठमोऱ्यानेच हात वर करून थांब म्हणाले.

"उद्यापासून पेपर नको वाचूस," म्हणाले. "मला कळलंय सगळं."

चहाला त्यांनी हात लावला नव्हता. दुपारी मावशींनी कप उचलला.